गोड गोळी आणि मी पाठवलेला अर्धा निरोप

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या शहागड येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना राहिलेले एक-दोन मुद्दे इथे घातले आहेत.)



जवळपास तीस वर्षांनी आपण सगळे एकत्र बसलोय. तेव्हा सतरंजीवर बसायचो, आज खुर्च्या आहेत. बरं झालं, नाहीतर खाली बसलेल्यांपैकी निम्म्यांना उठवायला माणूस लागला असता.

सकाळी चहाच्या टेबलापाशी दोन थर्मास ठेवलेले तुम्ही पाहिले असतील. एकावर चिठ्ठी होती ‘साखर’, दुसऱ्यावर ‘बिनसाखर’. बिनसाखरेचा आधी संपला. त्याच टेबलावर कुणीतरी गोड गोळ्यांची डबीही ठेवली होती. मी ती हातात घेतली, तर आपला एक वर्गमित्र मागून म्हणाला, “अगं ठेव ते खाली, त्यानं कॅन्सर होतो. तूच तर ग्रुपवर टाकलं होतंस!”

त्याचं म्हणणं खरं आहे. ते मीच टाकलं होतं. आणि आज मी त्याबद्दलच बोलायला उभी आहे. संयोजकांनी मला विषय दिला होता ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’. मी महिनाभर आधीच त्यांना फोन करून सांगितलं, की पहिला शब्द तसाच ठेवा, दुसरा बदला. मी ‘आर्टिफिशियल स्वीटनर’वर बोलते. ते म्हणाले, तुझा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो मला तुमच्यासमोर कबूल करायचा आहे. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअरमधली इंजिनिअर आहे. पण चूक कुठे झाली हे मागे जाऊन शोधणं हे आमचं रोजचं काम असतं, आणि ते मी या बाबतीत केलं आहे.

आधी आपला मुलूख आठवा. आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं. गोदाकाठचा ऊस, जायकवाडीच्या कालव्याचं पाणी आणि जवळच अंकुशनगरचा कारखाना. गळीत हंगामात हायवेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायची आणि आपण शाळेतून घरी जाताना मागून ऊस ओढायचो. सर, तेव्हा तुम्हाला कधी कळलं नाही, आता सांगायला हरकत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. दिवाळीला सवलतीच्या दरातली साखर पोत्यानं घरी यायची. आमच्याकडे चहात साखर कमी पडली तर पाहुण्याला वाटायचं, या घरात आपलं येणं आवडलेलं दिसत नाही.

अशा माणसाला २००९ साली मधुमेह निघाला. पहिलं वर्षभर त्यांनी तो मान्यच केला नाही. मग डॉक्टरांनी तडजोड काढली. साखर बंद, चहात गोड गोळी. अण्णांनी डबी खिशात ठेवायला सुरुवात केली. कपात दोन गोळ्या, दिवसातून तीन चहा. कुरकुरत का होईना, पण तेरा वर्षं हे चाललं. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे ते एचबीएवनसी, साडेसातच्या आसपास राहायची.

आता २९ जून २०२३ या तारखेला या. त्या दिवशी जगभर एक बातमी आली, की जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ‘ॲस्पार्टेम’ या गोडव्याला ‘कॅन्सरकारक असण्याची शक्यता’ या यादीत घालणार आहे. ॲस्पार्टेम म्हणजे डाएट कोल्ड्रिंक आणि बऱ्याच गोड गोळ्यांमध्ये असणारा पदार्थ. लक्षात घ्या, बातमी होती ‘घालणार आहे’ अशी. अहवाल बाहेर आला नव्हता. मी ऑफिसच्या बसमध्ये होते. मथळा वाचला, आत दोन ओळी वाचल्या, आणि मराठीत एक वाक्य लिहून घरच्या ग्रुपवर आणि आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं: “शुगर फ्री गोळ्या ताबडतोब बंद करा, कॅन्सर होतो.” खाली लिंक दिली. पाच मिनिटांचंही काम नव्हतं.

अहवाल आला १४ जुलैला. म्हणजे दोन आठवड्यांनी. तो मी वाचला. पण त्यातलं काहीही मी ग्रुपवर टाकलं नाही. का नाही टाकलं? कारण तोपर्यंत विषय संपला होता. ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस होता.

इथे मला आपल्या विज्ञानाच्या बाईंची आठवण होते. बाई, तुम्ही समोरच बसल्या आहात म्हणून सांगते. उत्तराला एकक लिहिलं नाही तर तुम्ही अर्धा गुण कापायचात. कुणी फळ्यावर नुसतं ‘वीस’ लिहिलं की तुम्ही विचारायचात, “वीस काय? आंबे?” माझं ते वाक्य तुमच्याकडे तपासायला आलं असतं तर तुम्ही दोनच प्रश्न लाल शाईनं लिहिले असते. किती? आणि कशावरून? आज त्याच दोन प्रश्नांची उत्तरं देते, तीस वर्षं उशिरा.

आधी ‘कशावरून’ घेऊ.

हे गोडवे जुने आहेत. सगळ्यात जुनं सॅकरिन, १८७९ सालचं, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातलं. फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून हात न धुता जेवायला बसला आणि त्याला पाव गोड लागला. ॲस्पार्टेमची गंमतही तशीच. १९६५ साली श्लॅटर नावाच्या संशोधकानं कागद उचलायला बोट जिभेला लावलं, आणि बोट गोड होतं. सुक्रालोजच्या गोष्टीत तर आपल्या आडनावाचा माणूस आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक प्राध्यापक लेस्ली हफ यांच्याबरोबर साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून बघत होते. त्यांना सांगण्यात आलं, हे ‘टेस्ट’ कर. म्हणजे तपास. त्यांनी ऐकलं ‘टेस्ट’, म्हणजे चव बघ. इंग्रजीत या दोन शब्दांचे उच्चार वेगळे आहेत, पण आपल्याकडे दोन्ही ‘टेस्ट’च! फडणीसांनी ते जिभेवर ठेवलं. साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड निघालं. बाई, तुम्ही आम्हाला प्रयोगशाळेत काही चाटू द्यायचा नाहीत म्हणून आमच्या हातून एकही शोध लागला नाही.

कॅन्सरची भीतीही जुनी आहे. १९७० च्या दशकात उंदरांना सॅकरिन खाऊ घातल्यावर काही नर उंदरांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला. प्रमाण होतं त्यांच्या एकूण खाण्याच्या पाच टक्के आणि त्याहून जास्त. आपण दिवसाला किलोभर अन्न खातो असं धरलं, तर हे पन्नास ग्रॅम सॅकरिन झालं. १९७७ साली कॅनडातल्या अशा प्रयोगानंतर अमेरिकेत सॅकरिनवर बंदीचा प्रस्ताव आला. बंदी झाली नाही, पण पाकिटावर इशारा छापणं सक्तीचं झालं. पुढे संशोधकांना कळलं, की नर उंदराच्या लघवीची घडणच वेगळी असते. इतकं सॅकरिन गेलं की तिच्यात बारीक खडे तयार होतात, ते मूत्राशयाचं अस्तर खरवडतात आणि तिथे गाठ होते. माणसात तसं घडत नाही. २००० साली सॅकरिन त्या यादीतून काढलं आणि इशाराही गेला. मधली तेवीस वर्षं लोक घाबरलेले होते ते होतेच.

आता ॲस्पार्टेम. १४ जुलै २०२३ ला ते ‘गट २ ब’ मध्ये गेलं. या गटाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे, कारण माझी चूक नेमकी इथेच झाली. कर्करोग संशोधन संस्था पदार्थांचे गट करते ते पुरावा किती पक्का आहे यावरून. पदार्थ किती घातक आहे यावरून नव्हे. गट १ म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं. गट २ अ म्हणजे बहुधा होत असावा. गट २ ब म्हणजे शक्यता आहे, पण पुरावा तोकडा. याच २ ब मध्ये कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि तो आपल्याकडे लोक तब्येतीसाठी पितात.

सोपं करून सांगते. गोदावरीत माणूस बुडू शकतो, हे खरं आहे. पण म्हणून शहागडच्या पुलावरून गेवराईला जाणारा प्रत्येक जण बुडतो का? नदीत बुडवण्याचा गुण आहे, हे एक विधान. तुम्ही आज बुडण्याचा संभव किती, हे दुसरं विधान. ते तुम्ही पुलावर आहात की पुराच्या पाण्यात उतरलाय यावर ठरतं. कर्करोग संस्थेनं पहिल्या प्रकारचं विधान केलं, तेही ‘असू शकेल, खात्री नाही’ अशा शब्दांत. मी ते दुसऱ्या प्रकारचं करून पाठवलं.

आणि दुसरं विधान करणारी समिती वेगळी होती. तीही जागतिक आरोग्य संघटनेचीच, अन्न आणि कृषी संघटनेबरोबरची. तिचाही निकाल त्याच दिवशी, त्याच पत्रकात होता. त्या समितीनं सांगितलं, की माणसात ॲस्पार्टेमनं कॅन्सर होतो हे पटावं असा पुरावा नाही, आणि रोजची मर्यादा १९८१ पासून आहे तीच राहील. वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. ही मर्यादा काढतात कशी? प्राण्यांना ज्या मात्रेपर्यंत काही अपाय होत नाही, तिला शंभरानं भागतात. ४,००० भागिले १००, म्हणून ४०.

आता बाईंचा पहिला प्रश्न: किती?

अण्णांचं वजन ६० किलो. साठ गुणिले चाळीस, २,४०० मिलिग्रॅम. एका गोळीत साधारण २० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पार्टेम असतं. म्हणजे मर्यादा गाठायला दिवसाला १२० गोळ्या. अण्णा घेत होते सहा. हे गणित सातवीतलं आहे. मी इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली बाई, मी ते केलं नाही.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे, असंही मी म्हणणार नाही. नाहीतर मी दुसऱ्या बाजूचा अर्धा निरोप पाठवल्यासारखं होईल. फ्रान्समध्ये एक लाखाहून जास्त लोकांचा आहार वर्षानुवर्षं नोंदवून केलेला अभ्यास २०२२ साली आला. त्यात जास्त गोडवे घेणाऱ्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी जास्त दिसलं. उलट अमेरिकेतल्या जवळपास पावणेपाच लाख लोकांच्या २००६ सालच्या अभ्यासात ॲस्पार्टेमची पेयं आणि रक्ताचे किंवा मेंदूचे कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. अशा अभ्यासांत एक अडचण असते. गोड गोळी घेतं कोण? ज्याचं वजन वाढलंय, ज्याला साखर आहे, तोच. आणि लठ्ठपणामुळे काही कॅन्सरचा धोका तसाही वाढतो. मग वाढलेला धोका गोळीचा की वजनाचा, हे वेगळं काढणं फार अवघड जातं. संशोधक तसा प्रयत्न करतात, पण पूर्ण जमत नाही. म्हणूनच समितीनं आणखी अभ्यास मागितले आहेत. त्यामुळे ‘सिद्ध झालं’ म्हणणारा घाई करतोय, आणि ‘कधीच काही होणार नाही’ म्हणणाराही घाईच करतोय.

त्याच २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं आणखी एक सल्ला दिला होता. वजन कमी करायचं म्हणून हे गोडवे वापरू नका, लांबच्या पल्ल्यात त्याचा फायदा दिसत नाही. पण त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. हे वाक्यही फॉरवर्ड होताना गळून पडलं.

आता माझ्या निरोपाचं पुढे काय झालं ते सांगते.

अण्णांनी तो वाचला आणि त्याच संध्याकाळी डबी उकिरड्यावर टाकली. मला फोनवर म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. आता गुळाचा चहा घेतो. गूळ आपला, त्यात केमिकल नाही.” मला तेव्हाच बोलायला हवं होतं. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. लोह, खनिजं असतात म्हणतात ती असतात, पण चहातल्या एका खड्यात किती? पुन्हा तोच प्रश्न. मी मीटिंगला जात होते. “बरं बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

एकदा गूळ चालतो म्हटल्यावर तो चहापुरता राहिला नाही. दशम्या आल्या, जेवणानंतर शेंगदाणे-गूळ आला, संक्रांतीला गुळाची पोळी तर होतीच. आईनं टोकलं की म्हणायचे, “लेकीनं सांगितलंय.” जानेवारीत त्यांना चप्पल चावली. पायाला जाणीव कमी झालेली, त्यामुळे आठ दिवस त्यांना कळलंच नाही. जखम चिघळली. संभाजीनगरला नेलं तेव्हा एचबीएवनसी होतं ११.२. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

डॉक्टरांनी विचारलं, “तेरा वर्षं बरं चाललं होतं, मध्येच काय बदललं?” अण्णांनी खिशातून फोन काढला, बोटानं वर सरकवत सरकवत सात महिन्यांपूर्वीचा तो निरोप शोधला, आणि डॉक्टरांसमोर धरला. म्हणाले, “माझ्या लेकीनं पाठवलंय. ती इंजिनिअर आहे.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना अभिमान वाटत होता. मी तिथेच कॉटच्या पायथ्याशी उभी होते.

आता मघाशी जो नियम सांगितला तो मी स्वतःलाही लावते. अण्णांची बोटं माझ्या निरोपानंच गेली, असं सिद्ध करता येणार नाही. मधुमेह जुना होता, वय बहात्तर होतं, तपासणीही लांबली होती. पण गोळीच्या भीतीनं साखरेचं दार उघडलं, आणि ती भीती मी घरात आणली, एवढं मला माहीत आहे. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचा अंदाज त्याच जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या किती घरांत त्या आठवड्यात डब्या उकिरड्यावर गेल्या असतील, याचा मी विचार करते.

दुसरी गोष्ट आपल्या वर्गाच्या ग्रुपची. माझ्या त्या निरोपावर त्या दिवशी आपल्याकडे मोठी चर्चा झाली. चाळीस-पन्नास निरोप आले. कुणी म्हणालं परदेशी कंपन्यांचा डाव, कुणी म्हणालं स्टिव्हिया वापरा. आपल्या एका मित्रानं लिहिलं होतं, “चला, आता चहापण सोडावा लागणार,” आणि पुढे हसरे चेहरे. तो आज आपल्यात नाही. पुढच्याच वर्षी गेला. तोंडाचा कॅन्सर होता. त्याचं नाव मी इथे घेत नाही, तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. दहावीपासून त्याच्या गालात पुडी असायची. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्याचं तोंड नीट उघडत नव्हतं. वडापाव तुकडे करून खायचा आणि आपण त्याला चिडवायचो. ॲस्पार्टेमवर आपण पन्नास निरोप लिहिले. त्याच्या पुडीवर आपल्यापैकी एकानंही एक ओळ लिहिली नाही. मीही नाही.

सुपारी गट १ मध्ये आहे. तंबाखू गट १ मध्ये आहे. तिथे ‘शक्यता’, ‘कदाचित’ असे शब्द नाहीत. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी ती गट १ मध्येच आहे. तोंड आखडत जाणं हा सुपारीचाच आजार आहे, आणि तो पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. देशातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात आघाडीवर आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते, आणि त्यातले बहुतेक खाणारे, म्हणजे बिडी-सिगारेटवाले नव्हेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि एक आठवण. मधल्या सुट्टीत आपण शाळेबाहेर गोड सुपारीच्या पुड्या घ्यायचो. मुलीही घ्यायच्या, मीही घ्यायचे. ती सुपारी इतकी गोड कशानं असायची? अशा सुपारीत आणि पानमसाल्यात सॅकरिन घालायला कायद्यानं परवानगी आहे, वर मर्यादा ठरवून दिलेली. म्हणजे त्या एकाच पुडीत दोन पदार्थ होते. एकाच्या नावानं जग घाबरलं आणि पुढे तो निर्दोष ठरला. दुसऱ्याला आपण फराळासारखं चघळलं, देवापुढे ठेवतो, लग्नाची बोलणी त्याच्यावर फोडतो, म्हणून तो आपल्याला घरचा वाटतो. सॅकरिननं एकच वाईट काम केलं. सुपारी लहान मुलांना आवडेल इतकी गोड केली.

मग गोड गोळीचं करायचं काय? मी वाचलेलं, आणि अण्णांच्या डॉक्टरांना विचारून घेतलेलं सांगते.

ज्यांना मधुमेह आहे आणि गोड चहा सुटत नाही, त्यांनी गोळीच्या भीतीनं साखरेकडे किंवा गुळाकडे परत जाऊ नये. डॉक्टरांना विचारून, ठरलेल्या मात्रेत गोळी चालते. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशननं मधुमेही लोकांच्या चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज देऊन बारा आठवडे पाहिलं. रक्तातली साखर बिघडली नाही, वजन थोडं उतरलं. पण ज्यांना मधुमेह नाही आणि नुसतं बारीक व्हायचंय, त्यांनी गोळीच्या मागे लागू नये. लहान मुलांना देऊ नये, डबीवरही तसं लिहिलेलं असतं. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असेल तर ॲस्पार्टेम अजिबात नको. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ॲस्पार्टेम उकळलं की त्याचा गोडवा जातो, म्हणून चहा उतरवल्यावर टाकावं. सुक्रालोज घालून भाजण्या-तळण्याचे प्रकार टाळावेत. फार तापलं तर त्यातून नको ते पदार्थ तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेनं २०१९ साली दिला आहे. आणि दिवाळीत ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या मिठाईवर तुटून पडू नका. साखर नसली तरी खवा, मैदा आणि तूप त्यात आहेच.

खरं औषध जिभेची सवय कमी करणं हेच आहे. चहात दोन चमचे असेल तर दीड, मग एक. महिन्याला अर्धा चमचा सोडला तरी जीभ रुळते. मी स्वतः आठ महिन्यांत बिनसाखरेवर आले. त्या थर्मासमधला शेवटचा कप माझाच होता.

अण्णा आता बरे आहेत. विशिष्ट बूट घालून मळ्यापर्यंत चालत जातात. डबी पुन्हा खिशात आली आहे. ती परत घ्या म्हणून सांगायला मला सहा महिने लागले. मी काही म्हटलं की ते विचारायचे, “मग आधी तसं का म्हणालीस?” आमच्या कामात सदोष प्रोग्रॅम बाहेर गेला तर रात्री दोन वाजता उठून दुरुस्ती पाठवावी लागते. ज्याच्या ज्याच्याकडे चूक गेली, त्या प्रत्येकाकडे दुरुस्ती गेली पाहिजे, हा नियम. पगारासाठी मी तो वीस वर्षं पाळला. घरासाठी आणि तुमच्यासाठी पाळला नाही.

म्हणून हे भाषण म्हणजे माझी दुरुस्ती आहे. २९ जून २०२३ च्या निरोपाची, दोन वर्षांहून जास्त उशिरा आलेली. स्मरणिकेत छापून येईल तेव्हा कृपा करून घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा. आणि ग्रुपच्या ॲडमिनला माझी विनंती आहे. तब्येतीबद्दलचा कुठलाही निरोप आला की खाली बाईंचे दोन प्रश्न लिहायचे: किती? कशावरून? उत्तर आलं नाही तर अर्धा गुण कापायचा, मग तो निरोप डॉक्टरचा असो, इंजिनिअरचा असो की माझा.

एक शेवटचं. मागच्या रांगेत बसलेल्यांपैकी तिघांच्या खिशात आत्ता पुडी आहे, हे मला दिसतंय. मी नावं घेत नाही. जेवणानंतर मी शाळेच्या फाटकाशी उभी असेन. भाषण ठोकायला नाही, नुसतं बोलायला. त्याच्याशी बोलायचं राहून गेलं, तुमच्याशी राहू नये.

बाई, एककं सगळी लिहिली आहेत. तरी तपासून बघा.